शालिग्राम कंपाउंडरची नैनितालची रजा

शालिग्राम कंपाउंडरांनी उभ्या नोकरीत फिरायला म्हणून एकदाच रजा घेतली, आणि ती मी नासवली. हे वाक्य कित्येक वर्षं मनातल्या मनात म्हणत आलो. आज कागदावर उतरवलं, तेव्हा बाकीचंही सांगणं भाग आहे.

गावाचं नाव सांगत नाही. वडनेर भोलजीहून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. या गोष्टीतली काही माणसं अजून आहेत. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मूळचा बुलढाण्याचा, या गावच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा सडाफटिंग होतो. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत शालिग्रामभाऊ आणि सुभद्रावहिनी राहत, आणि त्यांना लागून असलेल्या तिसऱ्या खोलीत मी. त्यांची एकुलती एक मुलगी रोहिणखेडला दिलेली. त्यामुळे वहिनींच्या हातची भाजी दोघांना जास्त व्हायची आणि ती माझ्याकडे यायची.

भाऊ उंच, किंचित वाकलेले, धोतरावर खाकी सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलत, भाऊ एकवीस वर्षं तिथेच. लोक त्यांना डागदर म्हणत आणि ते प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत, "डागदर आत हायेत. मी पुड्या बांधतो."

त्या पुड्या मात्र बघण्यासारख्या असत. कागदाचा चौकोन, त्यावर चिमूटभर पूड, मग बोटांच्या चार हालचाली, आणि पुडी अशी मिटे की बैलगाडीत आदळआपट झाली तरी उघडणार नाही. औषधाच्या बाटलीवर डोसांची पट्टी ते स्वतः कापत. कागदाची घडी घालून कात्रीने दोनदा कातरत, उलगडली की सहा खाचा सारख्या अंतरावर. मोजपट्टी कधी हातात धरली नाही. मी एकदा मोजून पाहिल्या. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, परीक्षा घेऊन राह्यले काय?"

"हलवून घ्या" हे त्यांचं पालुपद. बाटली देताना तर म्हणतच, पण कोणी गावातली कुचाळकी घेऊन आला तरी विचारत, "हलवून घेतलं का बे? खाली काय बसलं ते पाहू दे आधी." खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि जमत नाही याची लाजही वाटत नसे. एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी चिडून नुसतं रंगीत पाणी द्यायला सांगितलं. भाऊंनी ते भरलं, पट्टी चिकटवली आणि हातात देताना सांगून टाकलं, "बाबा, यात पानी न रंग हाये, दुसरं काही नाही." डॉक्टर लालबुंद झाले. म्हातारा आठ दिवसांनी परत आला आणि म्हणाला, तेच द्या, गुण आला.

दवाखान्याच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. तारखांची पानं कधीच फाटून संपली होती, वरचं चित्र राहिलं होतं. डोंगरांच्या मधोमध हिरवंगार तळं, त्यात पांढऱ्या शिडाच्या नावा. खाली लिहिलेलं: नैनिताल. रांगेत बसलेली माणसं त्या चित्राकडे बघत बसत. लोणारचं तळं पाहिलेला एखादा विचारी, "खारं हाये का हो पानी?" भाऊ सांगत, "गोडं हाये. अख्खं गाव तेच पेते." न जाता त्यांना सगळं ठाऊक होतं. तिथल्या एका धर्मशाळेला त्यांनी कार्डं लिहिली होती आणि तिथून हिंदीत उत्तरंही आली होती. नांदुऱ्याहून भुसावळ, भुसावळहून आग्रा, तिथून छोट्या लायनीची गाडी काठगोदामापर्यंत, पुढे मोटार. तळ्याच्या या टोकाला तल्लीताल, त्या टोकाला मल्लीताल, आणि तिथे नैनादेवीचं देऊळ. जवळपास भीमताल, नौकुचियाताल. हे ते मला जेवताना सांगत आणि वहिनी भाकरी थापता थापता ऐकत.

खरी ओढ वहिनींना होती. भाऊंचा डबा घेऊन दवाखान्यात गेल्या की त्या चित्रासमोर उभ्या राहत. त्यांनी उभ्या जन्मात विहीर आणि पावसाळ्यातली नदी यापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, नावीत बसलं की पान्यात हात घालू देत असतीन का?" मी म्हटलं, देत असतील.

त्या वर्षी उन्हाळ्यात भाऊंनी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि ती मंजूर झाली. शाळेला सुट्टी होती, मीही सोबत निघालो. पण बातमी गावात फुटली आणि टवाळी सुरू झाली. पन्नाशी उलटलेला माणूस बायकोला घेऊन थंड हवा खायला जातो, हे आमच्याकडे कधी कोणी ऐकलं नव्हतं. पानठेल्यावर एकाने भाऊंच्या तोंडावर विचारलं, "काऊन भाऊ, म्हातारपनी हनिमूनले चालले काय?" भाऊ पान न घेताच निघाले. घरी वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. लोक हासतीन आपल्याले." आणि भाऊ रजेचा कागद हातात घेऊन बसून राहिले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर जाऊन मी मास्तरकी आवाजात सांगितलं की, हे फिरणं नव्हे, ही यात्रा आहे. सतीचा डोळा जिथे पडला तिथलं हे तळं, काठावर देवीचं जागृत स्थान, गाभाऱ्यात मूर्ती म्हणजे देवीचे दोन डोळे. यातलं खोटं असं काही नव्हतं, पण आम्ही त्यासाठी चाललो नव्हतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

संध्याकाळपर्यंत गावाचा नूर पालटला. हसणारे पाया पडायला येऊ लागले. भाऊ मला म्हणाले, "मास्तर, हे बरं नाही केलं तुमी. आता हे खाली कोन उतरवंन?" पण वहिनींचा चेहरा उजळला होता. त्या आता उजळ माथ्याने जाऊ शकत होत्या. तो चेहरा बघून भाऊ गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा राहिले असतील.

मग चांदीचे डोळे येऊ लागले. आमच्याकडे डोळे आले, डोळ्याला काही झालं, की देवीला चांदीच्या पत्र्याचे डोळे वाहायचा नवस असतो. खुपऱ्या झालेले, मोतीबिंदूचे, सगळे आले. भाऊ प्रत्येकाला एकच अट घालत, "औषध चालू ठेवशीन तर घेतो. नाही तर घरी घेऊन जाय." या अटीला कारण होतं. देवी आल्या, म्हणजे अंगावर फोड उठले, की घरात औषध बंद करायचं, तिच्या हातात दिल्यावर माणसाने मध्ये पडायचं नाही, हा जुना रिवाज. भाऊंची अर्धी नोकरी त्या रिवाजाशी भांडण्यात गेली होती. शपथ घ्यायला लावून त्यांनी दहा जोड घेतले. प्रत्येक जोडाची औषधासारखी पुडी बांधली, वर नाव लिहिलं.

आता अनसूयेबद्दल. तुळशीराम माळ्याची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली, वांगी-मिरचीच्या मळ्यात राबणारी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे भारे बांधताना काडी डोळ्यात गेली आणि बुबुळावर जखम झाली. रजेच्या आठ दिवस आधीपासून भाऊ दिवसातून तीनदा तिच्या डोळ्यात थेंब घालत होते. जखम भरत आली होती. त्यांनी मला सांगितलं होतं, "पंधरा दिवस खाडा नाही झाला तर डोया वाचते. झाला तर फूल पडते." बुबुळावर पांढरा डाग पडला की त्या डोळ्याने दिसणं संपलं. निघण्याआधी त्यांनी तिच्या सासूला थेंब घालायला शिकवलं आणि बाटलीवर रोजच्या मापाची खाचांची पट्टी चिकटवून दिली.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊ दवाखान्यात कपाटांच्या किल्ल्या डॉक्टरांना समजावून देत होते. मी अंगणात वळकटी बांधत होतो. अनसूयेची सासू आली, पदरातून चांदीचे डोळे काढले आणि माझ्या हातात दिले. मी घेतले. वहीचं पान फाडून गुंडाळले, नाव लिहिलं. तिने विचारलं, "मंग औषधाचं कसं करू, गुरुजी?"

दोरी हातातून सुटत होती, नांदुऱ्याची गाडी चुकायची भीती होती. मी वर न बघता म्हणालो, "आता देवीवर टाकलं ना? मग देवी पाहते." ती मान डोलावून गेली. मी गाठ मारली.

नैनितालला आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. चित्रातलं तळं खरंच होतं. वहिनी मोटारीतून उतरून रस्त्यातच उभ्या राहिल्या, मागून हमाल ओरडत होते. भाऊ त्यांच्याकडे बघत होते, तळ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी देवळात गेलो. लोकांचं काम आधी, मग आपलं, असं भाऊंचं म्हणणं. पायरीवर बसून ते एकेक पुडी उघडत, नाव मोठ्याने वाचत आणि डोळे पुजाऱ्याच्या ताटात ठेवत. दहा झाल्या. अकरावी हातात घेतली आणि ते थांबले. "हे पुडी माह्यी नाही," ते म्हणाले. मग वरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, सासू आली होती, घाईत घेतले.

"औषध घालतो म्हने का ते?"

"विचारायचं राहिलं," मी म्हणालो. तिने विचारलं होतं आणि मी काय बोललो होतो, ते सांगायची ती जागा होती. मी सांगितलं नाही.

भाऊ त्या पायरीवर बसूनच राहिले. दर्शनाला येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मग उठले आणि विचारत विचारत तारऑफिस गाठलं. डॉक्टरांच्या नावाने तार केली की अनसूयेचे थेंब चालू ठेवायला लावा. बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, आज संध्याकाळच्या मोटारीनं निघू." वहिनी लगेच म्हणाल्या, "चाला." कालपासून त्या नावेकडे बोट दाखवत होत्या, पण ते त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं.

आडवा आलो तो मीच. म्हणालो, तार उद्यापर्यंत पोचते. डॉक्टर तिथे आहेत. आपण धावत गेलो तरी तीन दिवस लागणार, मग तारेने काय कमी होणार आहे? आणि वहिनी अजून नावेत बसल्या नाहीत. हे शेवटचं मी मुद्दाम बोललो, कारण त्याला भाऊंकडे उत्तर नव्हतं हे मला माहीत होतं. आपली चूक एवढी मोठी नसावी असं मला वाटत होतं, आणि धावत परत निघालो असतो तर ती मोठी ठरली असती. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. दोन दिवस."

ते दोन दिवस आम्ही सगळं पाहिलं. नावेत बसलो. वहिनींनी पाण्यात हात घातला आणि तल्लीतालपासून मल्लीतालपर्यंत बाहेर काढला नाही. नाववाला म्हणाला, "माताजी, ठंड लग जाएगी." त्या ऐकून हसल्या. भाऊ त्यांच्यासमोर बसून बोटांच्या पेरांवर दिवस मोजत होते. स्नो व्ह्यूवरून बर्फाचे डोंगर दिसले. वहिनी म्हणाल्या, "मीठ सांडल्यावानी दिसते नाही?" आणि भाऊ हो म्हणाले, पण उशिरा. भीमतालला मधल्या बेटाकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. नौकुचियातालला चहावाल्याने सांगितलं की, या तळ्याचे नऊही कोपरे कोणाला एका जागेवरून दिसत नाहीत, दिसले तर माणसाला मोक्ष मिळतो. वहिनी काठाने चालत मोजू लागल्या. मी भाऊंना म्हटलं, तुम्हीही बघा. ते म्हणाले, "मास्तर, तारेचा जबाब काऊन नाही आला?"

एवढी वर्षं ज्याची त्यांनी वाट पाहिली, ते सगळं समोर होतं आणि त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. मला दिसत होतं. मी त्यांना सफरचंदाचा मुरांबा घेऊन दिला.

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तर बैलगाड्या सजवून अर्धं गाव हजर. यात्रेहून आलेल्याला मिरवत न्यायचं आणि मग मावंद्याचं जेवण घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं होतं. भाऊंच्या गळ्यात हार पडला. गावात शिरताच ते गाडीतून उतरले आणि हार तसाच गळ्यात ठेवून तुळशीरामाच्या घराकडे चालू लागले. मी मागे गेलो.

अनसूया ओसरीवर मिरच्या निवडत होती. भाऊंनी तिला उजेडात आणलं, पापणी वर केली आणि बराच वेळ धरून ठेवली. बुबुळावर जोंधळ्याच्या दाण्याएवढं पांढरं फूल होतं. मग त्यांनी कोनाड्यातली बाटली उचलली. औषध पहिल्या खाचेपाशीच होतं. सासू हात जोडून म्हणाली, "देवीच्या हाती देल्लं होतं, भाऊ. मंग कशी घालू?" भाऊंनी बाटली परत कोनाड्यात ठेवली. मला आत थांबवेना, मी बाहेर येऊन गोठ्यापाशी उभा राहिलो. ते दोघं नंतर काही बोलले की नाही, मला ठाऊक नाही.

तार डॉक्टरांच्या टेबलावर पडून होती, न फोडलेली. आम्ही निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरच्या लग्नाला गेले होते. शिपाई म्हणाला, "तार होती सायेबाची. अशुभ असंन म्हून कोनी हात नाही लावला."

मावंदं दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर झालं. पंक्ती बसल्या होत्या, वरण-भात वाढला होता, आणि भाऊ-वहिनींचे पाय धुवायला परात आणली. भाऊंनी पाय मागे घेतला आणि उभे राहिले. म्हणाले, "मी यात्रेले नव्हतो गेलो. मी बायकोले घेऊन फिराले गेलो होतो. तयं पाहाले. तुमी यात्रा म्हनत होते, मी नाही म्हटलं नाही. त्याच्यापायी त्या पोरीचा डोया गेला. हे माह्यावर हाये."

मी तिसऱ्या पानावर बसलो होतो, भातात हात घातलेला. उठायला हवं होतं. "यात्रा मी म्हटलं" एवढे तीन शब्द बोलायचे होते. कोणीतरी खाकरलं, कोणीतरी म्हणालं, जेवा आता, अन्नाचा खोळंबा नको. आणि मी जेवलो.

त्यानंतर गाव त्यांना डागदर म्हणेनासं झालं. पोरं मागून "नैनिताल, नैनिताल" म्हणून ओरडत. भिंतीवरचं चित्र त्यांनी उतरवून टाकलं. वहिनी त्या सहलीबद्दल पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. भाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, भाजीही येत राहिली, आणि मला ती गिळवत नसे. वर्षभरात मी बदलीचा अर्ज केला आणि बुलढाण्याला आलो. वहिनी गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. तरीही मी भेटायला गेलो नाही.

भाऊ शेवटचे दिसले ते बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. दर आठवड्याला गावोगावचे डोळ्यांचे रोगी गोळा करून ते इथल्या इस्पितळात आणतात, असं मी ऐकून होतो. नांदुऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. आणखी वाकलेले, सदरा तोच खाकी. पुढच्या बाकांवर चार म्हातारे, डोळ्यांवर हिरव्या कापडाच्या झडपा. शेजारी एक बाई, कोणाला पाणी पाज, कोणाचं मुंडासं सावर, असं तिचं चाललेलं. मी खिडकीखाली गेलो.

"मास्तर!" भाऊ म्हणाले. खरंच आनंदले. "केस पांढरे झाले की तुमचे."

मी बोलायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं आज बोलून टाकू, असं ठरवूनच खिडकीशी गेलो होतो. तेवढ्यात त्या बाईने वाकून माझ्याकडे पाहिलं. एक डोळा पांढरा. अनसूया होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "बरं झालं भेटले. एक गोष्ट इचाराची होती. माह्यी सासू मरेपरेंत म्हने का औषध बंद कराले गुरुजीनंच सांगतलं. 'देवी पाहते' म्हने. मी कधी खरं नाही मानलं. लय बोलली मी तिले, बारा वर्षं. तिच्या हातचं पानी नाही घेतलं मी. तुमी म्हटलं होतं का तसं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं की मेलेल्या सासूशी ती वागली ते बरोबर होतं की नाही.

"त्याईनं नाही व," भाऊ म्हणाले. माझ्याकडे न बघता, शांतपणे. "मी म्हटलं होतं."

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत होतं. बाटली हातात घेतली त्या दिवसापासून माहीत असणार. कंडक्टरने दार ओढलं आणि घंटी मारली.

अनसूया त्यांच्याकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. त्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली. गाडी हलली. भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून मला जायची खूण केली, आणि मी बाजूला झालो.